पंपाचा स्क्रू आणि डोंगरावरची हवा

कोलकात्यातील सियालदह स्थानकाच्या दारातून जाणारा मोठा रस्ता दोन नावे घेऊन वाहतो. उत्तरेकडे तो आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या नावाने ओळखला जातो, दक्षिणेकडे आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्या. एक रसायनशास्त्रज्ञ, दुसरे भौतिकशास्त्रज्ञ. उत्तरेला राजाबाजारात १९१४ साली उभे राहिलेले विज्ञान महाविद्यालय आणि १९१७ साली बोस यांनी स्थापन केलेले बसू विज्ञान मंदिर आहे. दक्षिणेला काही अंतरावर मल्लिक बाजार आहे, जिथे जुन्या मोटारींचे सुटे भाग ढिगाने विकले जातात. आणि मध्ये खुद्द स्थानक, जिथून रात्री दार्जिलिंग मेल सुटते व सकाळी न्यू जलपाईगुडीला पोहोचते. मल्लिक बाजारात ढिगाऱ्यातून निवडून घेतलेला टर्बो, डिझेल पंप किंवा नोझलचा संच याच वाटेने डोंगराकडे जातो, आणि त्यातून निघालेल्या काजळीचे मोजमाप बसू विज्ञान मंदिराच्या दार्जिलिंग येथील केंद्रात होते. सुटा भाग आणि त्याचा परिणाम यांचे पत्ते एकाच रस्त्यावर असावेत, आणि तरीही त्या दोघांची एकमेकांशी ओळख नसावी, ही या विषयातील पहिली विसंगती होय.

विषय आहे जुन्या डिझेल फोर-व्हील ड्राइव्ह इंजिनातून अधिक ताकद काढण्याचा. हा केवळ हौशी मंडळींचा छंद आहे, असा शहरात समज असतो. दार्जिलिंग जिल्ह्यातील मानेभंज्यांग ते संदकफू हा सुमारे ३१ किलोमीटरचा चढ पाहिला की तो समज टिकत नाही. संदकफू ३६३६ मीटर उंचीवर आहे; पश्चिम बंगालमधील ते सर्वोच्च ठिकाण. या वाटेवर १९५० च्या दशकातील लँड रोव्हर गाड्या आजवर प्रवासी, शिधा आणि गॅसचे सिलिंडर वाहत आल्या. त्यांपैकी बऱ्याच गाड्यांचे मूळ पेट्रोल इंजिन केव्हाच निघाले आणि त्या जागी डिझेल इंजिन आले, बहुधा महिंद्राचे. म्हणजे सांगाडा इंग्लंडचा, हृदय महाराष्ट्रातील कंपनीचे आणि सुटे भाग कोलकात्याच्या बाजारातले. २०१८ मध्ये लँड रोव्हर कंपनीने आपली ७० वर्षे साजरी करताना या गाड्यांची आवर्जून दखल घेतली. अलीकडे रस्त्याचा बराच भाग काँक्रीटचा झाल्यावर तिथे बोलेरो चढू लागल्या आणि जुन्या गाड्यांची संख्या ओसरली. ज्या उरल्या आहेत, त्यांच्या मालकांचा प्रश्न मात्र जुनाच आहे: चढावर गाडी दम टाकते, काय करावे?

यावर गॅरेजात मिळणारे उत्तर ठरलेले असते. डिझेल पंपावर इंधनाची कमाल मात्रा ठरवणारा एक स्क्रू असतो. त्याची लॉक-नट ढिली करायची, स्क्रू अर्धा फेरा आत घ्यायचा, नट पुन्हा आवळायची. पाच मिनिटांचे काम, खर्च चहापाण्याचा. गाडी मैदानात खरोखरच थोडी जोरकस वाटते. मालक खूश, मिस्तरी खूश. आणि मागच्या नळीतून निघणारा काळा धूर हा ताकदीचाच पुरावा आहे, असे दोघेही मानतात.

हा समज पूर्णपणे उलटा आहे, आणि तो का उलटा आहे हे साध्या अंकगणिताने दाखवता येते. महिंद्राचे जुने डीआय इंजिन २५२३ घनसेंटिमीटरचे आहे. चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा आपल्या आकारमानाइतकी हवा ओढते. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर, आणि सिलिंडर ८५ टक्के भरतात असे धरून, ते मिनिटाला सुमारे ३.२ घनमीटर हवा घेते. कोलकात्यात ३० अंश तापमानाला त्या हवेचे वजन ३.७ किलो भरते. संदकफूला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६४ टक्के असतो. तापमान ५ अंश धरले तरी तेवढ्याच आकारमानाची हवा २.६ किलोच भरते. टर्बो नसलेल्या इंजिनाला ही तूट भरून काढण्याचा कोणताही मार्ग नाही. चढावर गाडी दम टाकते ती इंधन कमी पडते म्हणून नव्हे, हवा कमी पडते म्हणून.

आता पंपाकडे पाहू. एक किलो डिझेल पूर्ण जळण्यासाठी रसायनशास्त्राच्या हिशेबाने सुमारे १४.५ किलो हवा लागते. परंतु डिझेल इंजिनात इंधन आणि हवा पेट्रोल इंजिनासारखी आधी मिसळलेली नसतात. फवारा अगदी शेवटच्या क्षणी सुटतो आणि मिश्रणाला एका सेकंदाचा शतांशही मिळत नाही. म्हणून धूर होऊ द्यायचा नसेल तर हवा वीसपट ठेवावी लागते. कोलकात्यात ३.७ किलो हवेला मिनिटाला १८५ ग्रॅम डिझेल, हे झाले शहाणपणाचे प्रमाण. जुन्या यांत्रिक पंपाला मात्र उंचीचे भान नसते. तो संदकफूलाही १८५ ग्रॅमच देतो. २.६ किलोला १८५ ग्रॅमने भागले की उत्तर १४ येते. म्हणजे मिश्रण अगदी परिपूर्ण झाले तरी ते सगळे डिझेल जळण्याइतकी हवा सिलिंडरमध्ये नाही. स्क्रूला कोणीही हात लावला नाही, तरी डोंगरमाथ्यावर इंजिन आधीच इंधनात बुडालेले आहे. अशा स्थितीत स्क्रू आत घेणे म्हणजे धाप लागलेल्या माणसाच्या तोंडात आणखी एक घास कोंबणे होय.

न जळलेले इंधन काजळी होऊन बाहेर पडते. काही सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरते आणि तेल पातळ करते. उशिरापर्यंत चालणारे ज्वलन एक्झॉस्टचे तापमान चढवत नेते. हे तापमान ७०० अंश सेल्सियसच्या पलीकडे दीर्घ चढावर टिकून राहिले की पिस्टनचा माथा, व्हॉल्व्ह आणि हेड गॅस्केट यांचे आयुष्य मोजायला सुरुवात करावी. या तापमानाचा काटा डॅशबोर्डवर असावा, ही जुन्या गाडीसाठी सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत दुर्मीळ सोय. मिस्तरीच्या हाती असते ते केवळ कान आणि धुराचा रंग.

मग ताकद वाढवूच नये काय? तसे नाही. भारतात जुन्या डिझेल इंजिनातून अधिक ताकद काढण्याचा एक मोठा, यशस्वी आणि पूर्ण शास्त्रशुद्ध प्रयोग झाला आहे, आणि त्याची फळे सियालदहच्या फलाटांनी अनेक वर्षे पाहिली. डब्ल्यूडीएम-२ हे रेल्वेचे सर्वपरिचित डिझेल इंजिन मूळ अमेरिकन अल्को कंपनीच्या आराखड्यावर वाराणसीत बनत असे: १६ सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. १९९० च्या दशकात त्याच सोळा सिलिंडरांतून ३१०० अश्वशक्ती काढण्यात आली आणि पुढच्या प्रकारात ३३००. सिलिंडरचा व्यास तोच, स्ट्रोक तोच. बदलले ते टर्बो, हवा थंड करणारा आफ्टरकूलर मोठा झाला, कॅमशाफ्ट अधिक ताठ झाला, आणि या सर्वांच्या जोडीने पंपाचा प्लंजर १५ ऐवजी १७ मिलिमीटरचा झाला. इंधन वाढले, पण ते हवेची सोय झाल्यावर. या बदलांमागे लखनौच्या आरडीएसओ या रेल्वे संशोधन संस्थेची चाचणी केंद्रे होती. प्रत्येक पायरीवर ज्वलनाचा दाब, एक्झॉस्टचे तापमान आणि इंधनाचा खप मोजला गेला. धूर पाहून कोणी अंदाज बांधला नाही.

आता दार्जिलिंग मेल विजेवर धावते आणि ती पिढी मागे पडली. जाता जाता नोंदवायला हवे की फेब्रुवारी २०१९ मध्ये वाराणसीत जुन्या डिझेल इंजिनांचे रूपांतर करून विजेचे जोडइंजिन बनवले गेले, दोन्ही मिळून १०,००० अश्वशक्तीचे. डिझेलच काढून टाकणे, हाही जुन्या डिझेलमधून अधिक ताकद मिळवण्याचा एक मार्ग आहे खरा. मात्र संदकफूच्या वाटेवर ओव्हरहेड तार नाही.

रेल्वेने जे केले त्याचे छोटे रूप जीपसाठी शक्य आहे. त्याचा पुरावा महिंद्रानेच दिला. २०१० मध्ये थार बाजारात आली तेव्हा तिच्यात दोन इंजिने मिळत: एक जुन्या घराण्यातील २५२३ घनसेंटिमीटरचे, ६३ अश्वशक्तीचे, दुसरे २४९८ घनसेंटिमीटरचे कॉमन-रेल, १०५ अश्वशक्तीचे. आकारमानात पंचवीस घनसेंटिमीटरची घट, ताकदीत ४२ अश्वशक्तीची वाढ. फरक हवा कोंबण्याच्या, ती थंड करण्याच्या आणि इंधन अतिशय उच्च दाबाने बारीक फवारण्याच्या पद्धतीत आहे.

जुन्या इंजिनाला टर्बो बसवताना हवा थंड करण्याच्या भागाकडे सहसा काणाडोळा होतो, म्हणून त्याचा हिशेब मांडणे आवश्यक आहे. हवेचा दाब दीडपट केला की हवा तापते. कार्यक्षमता ७० टक्के धरली तर ३० अंशांची हवा सुमारे ८३ अंशांवर जाते आणि तापून पसरते. त्यामुळे दाब ५० टक्क्यांनी वाढूनही सिलिंडरमध्ये पोहोचणाऱ्या हवेचे वजन केवळ २८ टक्क्यांनी वाढते. इंटरकूलर बसवून तीच हवा ४५ अंशांपर्यंत खाली आणली तर वाढ ४३ टक्क्यांवर जाते, आणि ज्वलनाची सुरुवातच थंड हवेने झाल्यामुळे एक्झॉस्टचे तापमान आटोक्यात राहते. बाजारात टर्बो मिळतो, कारण तो दिसतो आणि त्याची शिटी ऐकू येते. इंटरकूलर आणि त्याच्या नळ्या बसवायला जागा शोधावी लागते, ब्रॅकेट बनवावे लागते. म्हणून तो राहून जातो. टर्बोच्या बेअरिंगला इंजिन ऑइलची स्वच्छ आणि अखंड धार लागते, हेही अनेकदा पहिला टर्बो जळाल्यावरच उमगते. आणि ज्या इंजिनात पिस्टनला खालून तेलाचा फवारा मारून थंड ठेवण्याची सोय नाही, त्याला किती दाब सोसवेल याला मर्यादा आहे; ती मर्यादा मिस्तरीच्या उत्साहाने बदलत नाही. संगणकच नसलेल्या यांत्रिक पंपाच्या गाडीला ‘चिप’ बसवण्याच्या गोष्टी तर सोडूनच द्याव्यात.

याआधीची एक पायरी सर्वांत स्वस्त असून सर्वांत दुर्लक्षित आहे. जुने इंजिन आपली मूळ ताकद तरी देते काय, हे प्रथम तपासले पाहिजे. झिजलेल्या नोझलमधून फवाऱ्याऐवजी धार पडते. टॅपेटचे अंतर बिघडलेले असते, पंपाचे टायमिंग मागे पडलेले असते, एअर फिल्टर मातीने भरलेला असतो, रिंगा झिजून कॉम्प्रेशन गेलेले असते. अशा इंजिनाची हरवलेली ताकद परत मिळवणे हीच पुष्कळदा गरजेइतकी वाढ ठरते. शिवाय काही वेळा दोष इंजिनात नसतोच. रुबाबासाठी दहा टक्के मोठ्या व्यासाचे टायर चढवले की रस्त्यावर पोहोचणारी ओढ जवळपास तेवढीच घटते. मग मालक इंजिनाला दोष देतो. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीला लो गिअर दिलेला असतो तो नेमका याच चढासाठी. तो न वापरता तिसऱ्या गिअरमध्ये ताकद शोधणाऱ्याने आधी गिअरच्या दांड्याकडे पाहावे.

आता कायद्याचा भाग, जिथे या विषयाची खरी कोंडी झाली आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत असा फेरबदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही बाब निःसंदिग्ध शब्दांत अधोरेखित केली. सीएनजी, एलपीजी किंवा विजेच्या संचांसाठी मान्यतेची वाट आहे: पुण्याच्या एआरएआयसारखी संस्था संच तपासते, मान्यताप्राप्त केंद्र तो बसवते, नोंदणी पुस्तिकेत नोंद होते. टर्बो, इंटरकूलर आणि नव्याने जुळवलेला पंप यांच्या तपासलेल्या संचासाठी गाडीमालकाला परवडेल अशी वाट व्यवहारात नाही. याचा परिणाम असा की जे काम मोजून-मापून, हवा वाढवून, धूर घटवून करता येते ते नियमबाह्य ठरते आणि म्हणून कोणीही जबाबदार माणूस ते उघडपणे करत नाही. आणि स्क्रूचा अर्धा फेरा, जो धूर वाढवतो आणि इंजिन मारतो, तो कोणालाच दिसत नाही म्हणून सर्वत्र चालतो. कायद्याने दृश्य बदल रोखला आणि अदृश्य बदल मोकळा सोडला.

प्रदूषण तपासणीने तो पकडला जावा, अशी अपेक्षा असते. भारत स्टेज-४ पूर्वीच्या डिझेल गाड्यांना धुराच्या अपारदर्शकतेची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक आहे, नंतरच्यांना ५०. ही तपासणी गाडी उभी करून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, अ‍ॅक्सिलरेटर झटक्याने दाबून होते. भार नाही, चढ नाही, उंची नाही. न्यू जलपाईगुडीच्या मैदानात जी गाडी ६५ च्या आत बसते, ती वरच्या चढावर काय ओकते हे त्या कागदावरून कळत नाही. शिवाय आदल्या संध्याकाळी स्क्रू मागे घ्यायला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आत घ्यायला प्रत्येकी पाचच मिनिटे लागतात.

आणि हा धूर जातो कुठे? संदकफूची वाट सिंगालीला राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने जाते, जिथे तांबडा पांडा राहतो. काजळीचे कण केवळ फुप्फुसात जात नाहीत. ते बर्फावर बसतात, बर्फाची परावर्तनक्षमता घटवतात, आणि बर्फ लवकर वितळतो. हिमालयाच्या काजळीत मोठा वाटा मैदानातील चुली, वीटभट्ट्या आणि जाळलेल्या शेतांचा आहे, हे खरेच. काही डझन जुन्या जीपगाड्यांवर तो भार टाकणे अन्यायाचे होईल. तरीही जी काजळी बर्फापासून हाकेच्या अंतरावर तयार होते तिला दूरच्या काजळीइतका प्रवास करावा लागत नाही.

यावर एक उत्तर असे की जुन्या गाड्या सरसकट भंगारात काढाव्यात. कोलकात्याला या उत्तराचा अनुभव आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २००९ मध्ये महानगर क्षेत्रातून १५ वर्षांवरील व्यावसायिक वाहने हटवली गेली. जुलै २०२२ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कोलकाता आणि हावड्यातील १५ वर्षांवरील वाहने सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. दाट वस्तीच्या शहरात, जिथे बस, मेट्रो आणि लोकल आहे, तिथे हे उत्तर समर्थनीय आहे. सियालदहच्या चौकात श्वास घेणाऱ्याला ते कठोर वाटणार नाही. परंतु शहरातून हटलेली गाडी आणि तिचे इंजिन नाहीसे होतेच असे नाही. सुटे होऊन ते त्याच मल्लिक बाजारात येते, आणि तिथून डोंगरात, जिथे तपासणी विरळ आणि चढ तीव्र आहे. वयाची अट वाहनाला लागते. पंप आणि नोझल यांना जन्मतारीख नसते.

वर्षे मोजण्यापेक्षा धूर मोजणे अधिक न्याय्य आहे, आणि धूर मोजायचा तर तो भाराखाली मोजला पाहिजे. २०२१ च्या वाहन भंगार धोरणाने स्वयंचलित तपासणी केंद्रांची कल्पना मांडली. दार्जिलिंग आणि कालिम्पोंगसाठी अशा एका केंद्रात रोलरवर गाडी चालवून, भार देऊन धूर व ताकद दोन्ही तपासता आली, तर मिस्तरीच्या कानाला प्रथमच आकड्यांची साथ मिळेल. जो संच धूर घटवून ताकद वाढवतो त्याला मान्यता, जो धूर वाढवतो त्याला मनाई. बदलाची नोंद पुस्तिकेत. आणि त्याच तपासणीत ब्रेकही पाहावेत. जुन्या लँड रोव्हरला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत; ६० अश्वशक्तीने चढलेली गाडी असो वा ९० अश्वशक्तीने चढलेली, उतरताना तिला तेच ड्रम थोपवणार आहेत, आणि वाढलेल्या ताकदीवर मालक माणसे अधिक बसवतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

केंद्र होईल तेव्हा होईल. त्यापूर्वीही एक काम होण्याजोगे आहे. काही परदेशी डिझेल गाड्यांच्या पंपावर हवेचा दाब ओळखून उंचीवर आपोआप इंधन कमी करणारी एक छोटी डबी अनेक दशकांपासून बसवली जात असे. आपल्याकडील जुन्या जीपच्या पंपांवर ती सहसा नसते. परंतु पंप जुळवणाऱ्या दुकानात मायकोचा पंप बेंचवर चढतोच. तिथे समुद्रसपाटीच्या मात्रेसोबत ३५०० मीटरसाठी सुमारे ३० टक्के कमी अशी दुसरी मात्रा काढून त्या जागी स्क्रूवर रंगाची खूण करता येते. मानेभंज्यांगला चढ सुरू होण्यापूर्वी चालकाने स्क्रू त्या खुणेवर बाहेर घ्यायचा. ताकद त्याने वाढणार नाही. जेवढी हवा आहे तेवढीच ताकद मिळेल, डिझेल वाचेल, आणि हेड गॅस्केटची पुढची खरेदी काही हंगाम लांबेल.